कोठीघराचा हिशेब आणि गर्भकालीन मधुमेह

मंडळाच्या स्मरणिकेत गेली कित्येक वर्षे आम्ही भुसार बाजाराचा वार्षिक आढावा लिहीत आलो आहोत. तुरीची आवक, तांदळाचे दर, बारदानाचा खर्च व सरकारी साठामर्यादा हे आमचे ठरलेले विषय. ‘गतवर्षीचाच लेख आकडे बदलून दिला काय?’ अशी थट्टा आमचे स्नेही दरसाल करतात व ती अगदीच निराधार असते असेही नाही. यंदा चिटणीसांच्या अनुमतीने तो आढावा बाजूस ठेवून आम्ही एका निराळ्या विषयास हात घालीत आहोत. शीर्षक वाचून ‘हा बायकांचा विषय’ असे कित्येकांस वाटेल व ते पान उलटतील. त्यांनी तसे करू नये अशी विनंती आहे. घरात कोणते धान्य किती यावे, दुकान किती वाजता बंद व्हावे आणि रात्रीची पाने केव्हा मांडली जावीत, हे ज्या घरांत पुरुष ठरवितात त्या घरांत हा विषय पुरुषांचा आहे. आणि आपल्या सभासदांची बहुतेक घरे तशीच आहेत.

आम्ही वैद्य नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले व पुढील विद्या सिकंदराबादच्या मोंडा मार्केटलगतच्या गल्लीत, ताजव्यासमोर बसून मिळविली. पुढे जे लिहिले आहे ते डॉक्टरांस पुनःपुन्हा विचारून, आणि इंग्रजी अहवाल धाकट्या चिरंजीवांकडून वाचवून घेऊन लिहिले आहे. या खटाटोपास आम्ही का प्रवृत्त झालो, ते प्रथम सांगितले पाहिजे.

सन २०२२ मध्ये आमच्या थोरल्या सूनबाईंस प्रथमच दिवस राहिले. मुलगी अंगाने सडपातळ, लग्नात तर सासरच्या बायकांनी ‘जरा भरवा हिला’ असे आम्हांस बजावले होते. आम्ही ती आज्ञा मनोभावे पाळली. साजूक तुपातले डिंकाचे लाडू, सकाळी शिरा, दुपारी पांढराशुभ्र भात, सायंकाळी चहाबरोबर उस्मानिया बिस्किटे, आणि ‘दोन जिवांची आहे’ म्हणून प्रत्येक वेळी एक वाढप अधिक. पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी साखरेची तपासणी सुचविली होती. पण ‘इतक्यात रक्त कशाला काढायचे?’ असे म्हणून ती आमच्याच घरच्यांनी पुढे ढकलली. सहाव्या महिन्यात तपासणी झाली तेव्हा आकडा १६८ निघाला. घरात कोणाचा विश्वास बसेना. ‘इतकी बारीक मुलगी, हिला कसला मधुमेह?’ असे सर्वांच्या तोंडी झाले, आणि दोन-तीन दिवसांनी, लिहिण्यास लाज वाटते, ‘तिच्या माहेरीच असेल’ असेही झाले. प्रसूतीपर्यंत तिला इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागली. मूल ३.९ किलोचे. प्रसूती शस्त्रक्रियेने झाली. जन्मतःच बाळाची साखर उतरली म्हणून त्यास दोन दिवस नवजात शिशूंच्या कक्षात ठेवले होते. त्या दोन दिवसांत सूनबाई कोणाशी बोलल्या नाहीत. सर्व सुखरूप झाले हे खरे. परंतु निरोप घेताना डॉक्टरीणबाई आम्हांस बाजूस घेऊन म्हणाल्या, ‘शेटजी, तुम्ही मला सहाव्या महिन्यात भेटलात. दिवस राहण्याच्या सहा महिने आधी भेटायला हवे होते.’

हे वाक्य आम्हांस तेव्हा समजले नाही. जो रोग गर्भारपणातच उद्भवतो, त्याचा उपाय गर्भारपणापूर्वी कसा? त्यांनी समजावून सांगितले ते आम्ही आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन रक्तात येते. ती पेशींच्या आत पोहोचविणारा हमाल म्हणजे इन्सुलिन, व ते स्वादुपिंडातून येते. गर्भ वाढू लागला की वारेतून काही रसायने आईच्या रक्तात उतरतात व त्यांच्यामुळे हमालांचे हात जड होतात. पूर्वी एका हमालाने होणाऱ्या कामास दोन-तीन लागू लागतात. ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडात शिल्लक पुरेशी आहे, ती अधिक हमाल पाठविते व काम निभते. जिची शिल्लक आधीच अपुरी, किंवा पोटाभोवतीच्या चरबीने जिचे हमाल आधीच सुस्त झालेले आहेत, तिच्या रक्तात साखर पडून राहते. हा गर्भकालीन मधुमेह होय. मूल त्याच साखरेवर वाढते, म्हणून वजनाने फुगते. हंगामात गाड्या दारात उभ्या राहिल्यावर गोदाम बांधता येत नाही, हे भुसार व्यापाऱ्यास कोणी शिकवावयास नको.

निदानाची रीत सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात व दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याहून अधिक आकडा आला की गर्भकालीन मधुमेह समजावा. उपाशीपोटीच यावे अशी अट नाही. ही सुटसुटीत रीत आपल्या देशात रुजविण्याचे श्रेय चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या व त्यांच्या सहकाऱ्यांस जाते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी ती स्वीकारलेली आहे आणि डॉ. शेषय्यांचा जन्मदिवस, १० मार्च, हा गर्भकालीन मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. तपासणी पहिल्या भेटीत एकदा व चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा करावयाची असते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणखी एक तपासणी असते, आणि बहुतेक कुटुंबे तीच विसरतात, कारण तोपर्यंत सर्वांचे लक्ष बाळाच्या बारशाकडे लागलेले असते. आम्हीही विसरलो. ती आठ महिन्यांनी केली तेव्हा सूनबाईंचा आकडा काठावर आढळला. ज्या स्त्रीस एकदा हा विकार झाला, तिला पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतर स्त्रियांच्या कित्येक पट असतो, व पुढील गर्भारपणात तो उलटण्याचा संभव निम्म्याच्या आसपास असतो. आमच्या सूनबाईंस दुसरे अपत्य हवे आहे. म्हणून हा सारा अभ्यास.

‘इतकी बारीक मुलगी’ या आमच्या आश्चर्याचे उत्तर पुण्यात मिळाले. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांची व त्यांच्या मुलांची पाहणी चालविली आहे. त्यांना असे आढळले की आपल्याकडचे नवजात बालक इंग्रज बालकापेक्षा वजनाने बरेच कमी असते. पुण्याकडे सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडात साउदम्प्टन येथे ३.५ किलो. परंतु त्या किरकोळ देहातही त्वचेखालील चरबी जवळजवळ इंग्रज बालकाइतकीच असते. उणीव पडते ती स्नायूंची. २००४ साली त्यांनी व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या देहात २१.२ टक्के! यामुळेच भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या आत व स्त्रियांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी, अशी मर्यादा आपल्या तज्ज्ञांनी घातली आहे. सूनबाईंचे वजन बेताचे होते, पण कंबर ८६ होती. फीत लावून पाहण्याचे कोणास सुचले नव्हते. दुकानात पोते नुसते बाहेरून पाहून आम्ही कधी घेत नाही, बांबी मारून आतला माल पाहतो. घरात मात्र बाहेरच्या गोणीवर विश्वास ठेवला.

आता ज्या प्रयोगाने आमचे डोळे खऱ्या अर्थाने उघडले, तो जरा विस्ताराने सांगतो. तो मुंबईचा आहे. २००६ ते २०१२ या काळात तेथील झोपडवस्त्यांत डॉ. रमेश पोतदार, साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल व त्यांचे सहकारी यांनी ‘सरस’ या नावाचा प्रकल्प चालविला. मूल होऊ द्यावयाची इच्छा असलेल्या, परंतु अद्याप दिवस न राहिलेल्या ६,५१३ विवाहित स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी करण्यात आली. दोन्ही गटांस रोज एक खाऊ मिळे. तो घरच्या जेवणाऐवजी नसून जेवणाव्यतिरिक्त होता, आणि केंद्रावर येऊन समक्ष खावयाचा होता. समोसा, भजी, वडी असा ओळखीचाच प्रकार. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळे व दूध यांचा अंश असे. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा, टॅपिओका अशा भाज्या असत. पहिल्या खाऊतून सुमारे १६५ कॅलरी व ६.४ ग्रॅम प्रथिने मिळत, दुसऱ्यातून सुमारे ८८ कॅलरी व २.७ ग्रॅम. दिवस राहण्यापूर्वी निदान तीन महिने व पुढे प्रसूतीपर्यंत तो खावा, अशी योजना होती.

यांपैकी २,२९१ स्त्रियांस दिवस राहिले. १,००८ जणी सातव्या महिन्याच्या सुमारास साखरेच्या तपासणीस आल्या व त्यांतील १०० जणींस गर्भकालीन मधुमेह आढळला. बटाटा-कांद्याच्या गटात हे प्रमाण १२.४ टक्के, तर पालेभाजी, फळे व दूध यांच्या गटात ७.३ टक्के. शंभरामागे पाच स्त्रिया वाचल्या, त्या रोजच्या एका वडीवर! शिवाय आईचे वजन कमी-अधिक होते हे हिशेबात धरून पाहिले तरी हा लाभ तसाच उरला. म्हणजे नुसते अंग उतरविण्याचा हा परिणाम नव्हे, ताटात काय पडते त्याचा आहे. २०१६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

खोटे माप आमच्या दुकानात चालत नाही, म्हणून या प्रयोगाची उणी बाजूही येथे मांडतो. दिवस गेलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक साखरेच्या तपासणीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. प्रयोगाचा मूळ हेतू बाळाचे जन्मवजन वाढविणे हा होता, व सरसकट पाहता ते फारसे वाढले नाही; तीन महिने आधीपासून खाऊ घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांत मात्र सुमारे ४८ ग्रॅमचा फरक दिसला. असा प्रयोग ठिकठिकाणी व्हावयास हवा. तरीपण चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी ही दोन्ही पारडी रिकामी करून काटा पाहण्यासारखी आहे, आणि आमचा तिच्यावर विश्वास आहे.

याच्या उलट एक उदाहरण देतो. इंग्लंड, सिंगापूर व न्यूझीलंड या तीन देशांत एक मोठा प्रयोग झाला व त्याचा निकाल २०२१ साली आला. तेथे दिवस राहण्यापूर्वीपासून स्त्रियांस जीवनसत्त्वे, इनॉसिटॉल व उपकारक जंतू यांची मिश्र भुकटी पाण्यातून रोज दोन वेळा दिली. रक्तातील साखरेत काही फरक पडला नाही. राष्ट्रपती मार्गावरील औषधांच्या दुकानांत ‘भावी मातांसाठी’ म्हणून रंगीत डबे मांडलेले असतात. ते पाहून आम्हांस हा निकाल आठवतो. डब्याऐवजी तेवढ्या पैशात मोंड्यात पालक व मेथीच्या किती जुड्या येतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

बटाटा व कांदा आपल्यात वर्ज्य, तेव्हा आपण आपोआपच शहाण्या गटात आहोत, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. बटाट्याची रिकामी जागा आपण पालेभाजीने भरली नाही. मैद्याने, शेवेने, कच्च्या केळ्याच्या वेफर्सने व साखरेने भरली. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. सूनबाईंच्या बाळंतपणानंतर आम्ही एक महिनाभर दुकानातून घरी गेलेल्या प्रत्येक पुडीची नोंद एका वेगळ्या वहीत ठेवली. घरात सात मोठी माणसे. तांदूळ ३८ किलो, गहू २२, मैदा ६, रवा ५, ज्वारी अवघी ३, डाळी सर्व मिळून ९, तेल ९, साखर ११. बेरीज-भागाकार केला. दरमाणशी दररोज धान्य ३५२ ग्रॅम, डाळ ४३ ग्रॅम, तेल ४३ ग्रॅम व साखर ५२ ग्रॅम.

याची तुलना कशाशी करावी, यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. पोषणशास्त्राची आपल्या देशातील अग्रगण्य संस्था, राष्ट्रीय पोषण संस्था, आमच्या दुकानापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर तार्नाक्यास आहे. १९१८ साली कुन्नूर येथे जन्मलेली ही संस्था १९५८ साली येथे आली, म्हणजे ती आमच्यापेक्षाही जुनी हैदराबादकर आहे. आम्ही जन्मभर तिच्या फाटकावरून गेलो, आत काय चालते याची चौकशी कधी केली नाही. या संस्थेने २०२४ साली जे आहारविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात दिवसास २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचे ताट दिलेले आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, सुकामेवा व तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. धान्यापासून मिळणारी शक्ती एकूण शक्तीच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावी व साखरेची ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, असावी असे ती सांगते. आमची वही शेजारी ठेवली. धान्य शंभर ग्रॅमने जास्त, डाळ निम्मी, साखर दुप्पट. ज्या माणसाने चाळीस वर्षे लोकांस धान्य विकले त्याने धान्य कमी खा म्हणावे, हे चमत्कारिक दिसते याची आम्हांस जाणीव आहे. पण डाळही आम्हीच विकतो.

हा पालट झाला केव्हा, याचे साक्षीदार आम्ही स्वतः आहोत. आमचे आजोबा निजामी अमदानीत लातूरकडून येथे आले ते ज्वारीचे व्यापारी म्हणून. आमच्या लहानपणी दुकानात तांदूळ एका कोपऱ्यात व ज्वारीची थप्पी छतापर्यंत असे. खेड्यांतून आलेले गिऱ्हाईक ‘जोन्नलु’ मागे. १९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्यास प्रारंभ केला. गरिबाच्या पोटास आधार मिळाला, व त्या योजनेस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु काही वर्षांतच ज्वारीची भाकरी ही दारिद्र्याची खूण ठरली आणि पांढरा भात ही प्रतिष्ठेची. पुढे तांदळाचे पॉलिश जितके चकचकीत तितका दर अधिक, असे आम्हीच गिऱ्हाइकास शिकविले. कोंडा गेला, त्याबरोबर जीवनसत्त्वे व तंतू गेले, आणि उरलेले पीठ पोटात पडताच साखर होऊ लागले. गंमत अशी की भरड धान्यांची राष्ट्रीय संशोधन संस्था याच शहरात राजेंद्रनगरला आहे, आणि ज्वारी-बाजरीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था पाटणचेरूस आहे. राजेंद्रनगरच्याच कृषी विद्यापीठाने २०१५ साली ‘तेलंगण सोना’ हे आर. एन. आर. १५०४८ क्रमांकाचे भाताचे वाण दिले; त्याचा भात इतर तांदळांच्या मानाने रक्तातील साखर सावकाश चढवितो. ज्यांस भातावाचून घास उतरत नाही त्यांनी निदान हे वाण मागावे. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाल्यापासून ‘मिलेट’ची बिस्किटे व लाडू यांचा बाजारात सुकाळ झाला आहे. पुड्याच्या मागील बारीक अक्षरे वाचावीत. मैदा व साखर यांची नावे बहुधा मिलेटच्या आधी असतात.

वही दाखवून आम्ही घरात सुधारणा सुरू केली तेव्हा प्रथम विरोध झाला तो सौभाग्यवतींचा. ‘अहो, ताजवा दुकानात धरा, माझ्या स्वयंपाकघरात नको,’ असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मग आम्ही ताजवा बाहेर ठेवला व फक्त घरी जाणारी चिठ्ठी बदलली. मैदा बंद झाला. तांदूळ कमी होऊन त्या जागी ज्वारी व थोडे राळे आले. मूग, मटकी, हरभरे दुप्पट झाले. मोड आलेल्या मुगांची उसळ सकाळच्या शिऱ्याच्या जागी आली. मुंबईच्या खाऊची नक्कल म्हणून मेथी, पालक, शेपू किंवा शेवग्याचा पाला बेसनात घालून वाफविलेली वडी रोज चार वाजता होते, व तिच्याबरोबर एक पेरू किंवा संत्रे व एक पेला दूध. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांचा प्रश्न खरा आहे. आमचेही घर त्यांपैकीच. त्या चार महिन्यांत आम्ही फळे, दूध, डाळी, दुधी-दोडका-भोपळा यांवर भर दिला, आणि वडीत पाल्याऐवजी किसलेला दुधी घातला. ज्या स्त्रीस अपत्य हवे आहे तिने दीर्घ तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांचे व घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे एकदा समोरासमोर होऊ द्यावे, इतकेच आम्ही सुचवितो.

दुधाविषयी आणखी एक गोष्ट. बी-१२ हे जीवनसत्त्व शाकाहारात मुख्यतः दुधा-दह्यातूनच येते. म्हैसूर येथील पाहणीत सुमारे ४३ टक्के गर्भवतींत ते कमी आढळले, आणि ज्यांच्यात कमी होते त्यांच्यात गर्भकालीन मधुमेहाचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट होते. एकामुळेच दुसरे होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु आमच्या थोरल्या सूनबाईंचे तपासले तेव्हा ते फारच खाली निघाले, धाकट्या सूनबाईंचेही, आणि सहज म्हणून आमचे तपासले तर आमचे सर्वांत खाली! गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत. ज्या मुलींची पाळी अनियमित आहे, ज्यांच्या आईस किंवा वडिलांस मधुमेह आहे, किंवा ज्यांचे वय तिशीकडे झुकले आहे, त्यांनी तर दिवस राहण्यापूर्वी साखर, हिमोग्लोबिन व बी-१२ एकदा पाहून घ्यावेच. एरव्ही लग्नाआधी मुलीस फोटोसाठी उपाशी ठेवावयाचे, व लग्न ठरताच केळवणांचा सपाटा लावून त्याच महिन्यात तीन किलो वाढवावयाचे, हा आपल्याकडील प्रकार आम्हांस मुळीच समजत नाही.

जेवणापेक्षाही अवघड गेली ती वेळ. आम्ही दोघे वृद्ध सूर्यास्तापूर्वी जेवतो. पण दुकान नवाला बंद होई, चिरंजीव दहाला घरी येत, सुना त्यांस वाढून साडेदहाला स्वतः जेवत व अकराला निजत. चाळीस वर्षे हेच चालले होते व आम्हांस त्यात काही वावगे दिसले नव्हते. पूर्वी सौभाग्यवतीही तशाच जेवल्या, आणि त्यांस पन्नाशीत मधुमेह झाला. आता सुना सात वाजता जेवतात. चिरंजीव उशिरा आल्यास आपले पान आपण घेतात. पहिल्या आठवड्यात थोरल्याने डाळीचे पातेले पालथे केले, पण शिकला.

चालण्याचे व्रत सकाळचे आहे. आठवड्यास दीडशे मिनिटे वेगाने चालावे असे वैद्यकाचे माप आहे. अमेरिकेतील चौदा हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीत, गर्भारपणापूर्वीचे बेताचे वजन, तंबाखूचा त्याग, असा व्यायाम व चांगला आहार या चारही गोष्टी सर्वांनी पाळल्या असत्या तर जवळजवळ निम्म्या स्त्रियांचा हा विकार टळला असता, असा हिशेब २०१४ साली निघाला. सूनबाई एकट्या परेड मैदानाकडे जाण्यास संकोचत. ‘लोक काय म्हणतील?’ याचे उत्तर म्हणून आता आम्ही स्वतःच त्यांच्याबरोबर निघतो. त्या पुढे, आम्ही मागे, आणि आमच्या मागे गुडघे धरून सौभाग्यवती. ‘बाबा, तुम्ही बाकावर बसा, आम्ही फेरी मारून येतो,’ असे त्या तिसऱ्या फेरीस म्हणतात व आम्ही ऐकतो.

गुढीपाडव्यापासून हा क्रम अखंड चालू आहे. थोरल्या सूनबाईंची कंबर ८६ वरून ८२ वर आली आहे व साखरेचा आकडा काठाच्या आत उतरला आहे. डॉक्टरीणबाईंनी आणखी तीन महिने थांबावयास सांगितले आहे. तेव्हा सांगण्यासारखी गोड बातमी या अंकापर्यंत तरी आमच्यापाशी नाही. या महिन्याची घरची चिठ्ठी मात्र वाचकांसाठी उतरवून देतो: तांदूळ २२ किलो, गहू १६, ज्वारी १०, राळे २, रवा २, मैदा नाही, डाळी व कडधान्ये १६, तेल ६, साखर ५. त्या पाचांतील दीड किलो सौभाग्यवतींनी ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून वरच्या फळीवर वेगळी काढून ठेवली आहे, आणि गेल्या पंधरवड्यात घरी पाहुणा कोणी आलेला नसताना तो डबा अर्धा झालेला आम्ही पाहिला आहे.